संशोधन-सॉफ्टवेअरमधील परावलंबन : वर्णक्रमाचा एक दाखला

संशोधनासाठी वापरले जाणारे कोणतेही सॉफ्टवेअर सर्वस्वी स्वयंपूर्ण नसते. आकडेमोड करणे, फाइली उलगडणे, शब्दांचा वर्णक्रम लावणे ही कामे ते अन्य लायब्ऱ्यांकडून करवून घेते. या लायब्ऱ्या शिदोरीसारख्या सोबत बांधाव्यात, की ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतील त्यांवर विसंबावे, हा वाद जुना आहे. ध्वनिविश्लेषणाच्या 'प्रात'ने पहिला मार्ग पत्करला. संख्याशास्त्रीय 'आर'ने मात्र २०१६ मधील ३.३.० या आवृत्तीपासून 'झेडलिब'सारख्या काही लायब्ऱ्या आपल्या मूळ संहितेतून काढून टाकल्या.

दुसऱ्या मार्गाचा मुख्य आधार सुरक्षिततेचा होय. २००२ साली झेडलिबमध्ये गंभीर दोष आढळला, तेव्हा सिस्टिममधील एक प्रत बदलताच तिच्यावर विसंबणारी सर्व सॉफ्टवेअरे निर्धोक झाली; पोटात स्वतंत्र प्रत बाळगणारी मात्र एकेक शोधून दुरुस्त करावी लागली. हा युक्तिवाद बिनतोड आहे. शिवाय झेडलिबची आवृत्ती बदलली तरी उलगडलेली फाइल तीच राहते.

वर्णक्रमाचे तसे नाही. 'पोस्टग्रेस' हा माहितीसाठा शब्दांचा क्रम पूर्वीपासून सिस्टिमकडून घेत आला. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील 'ग्लिबसी'च्या २.२८ या आवृत्तीने क्रमाचे नियम बदलले. दोन एककांमध्ये जोडरेघ असलेली नोंद पूर्वी जोडरेघ नसलेल्या नोंदीमागून येई. ती आता आधी येऊ लागली. बदल क्षुल्लक भासतो. परंतु साठ्याची सूची जुन्या क्रमाने रचलेली आणि शोध नव्या क्रमाने, अशी स्थिती झाल्यामुळे अस्तित्वात असलेल्या नोंदीही 'नाहीत' असे उत्तर मिळू शके. सूची नव्याने रचणे हाच उपाय होता. शब्दसंग्रहावर काम करणाऱ्यास याहून घातक चूक कोणती? ती तेव्हा कोणतीही सूचना न देता घडत असे.

तेव्हा ज्या लायब्ररीवर निष्कर्ष अवलंबून असतो ती सोबत बांधावी आणि उर्वरित सिस्टिमवर सोपवाव्यात, हेच सयुक्तिक दिसते. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत पोस्टग्रेसने स्वतःचा अंगभूत क्रम दिला. तो स्थिर आहे खरा. पण तो केवळ युनिकोडमधील क्रमांकांचा क्रम आहे. त्यात 'ळ' हा 'ह'नंतर न येता 'ल'ला लागून येतो आणि 'क्ष'ची नोंद 'क'मध्ये जाते. मराठी कोशाला हा क्रम चालावयाचा नाही. तेथे 'आयसीयू'सारख्या लायब्ररीची विवक्षित आवृत्ती नोंदवून ती माहितीसाठ्याबरोबरच जतन करणे भाग पडते.