क्लासमधला बेसूर

धाकटी लेक लग्न होऊन नाशिकला गेली आणि दुपार एकदम अंगावर यायला लागली. सकाळचं सगळं आवरून साडेबारा व्हायचे. हे दुकानावर. मग काय, टीव्ही नाहीतर झोप! अशातच शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘अगं, मागच्या गल्लीत एका बाईंनी गाण्याचा क्लास सुरू केलाय, फक्त बायकांसाठी. मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन ते साडेचार. येतेस का?’’ घरात जरा हसणं झालं, ‘या वयात कसलं गाणं?’ म्हणून. पण मी गेले. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पेटीसमोर बसून ‘सा’ लावला.

आम्ही चौदाजणी होतो. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी नवी सून, कुणाचं साडीचं दुकान, तर कुणी अडावदहून एसटीने येणारी शेतकरी बाई. पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग हळूहळू कळलं, गाणं एक वेळ जमेल, पण शेजारणीशी जमणं महाकठीण!

एका वहिनींचा मोबाइल बरोब्बर अलंकार सुरू झाले की वाजायचा. बाहेर जाऊन बोलावं ना, तर तिथंच, ‘‘हां, बोल गं. नाही, वांगी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहेत.’’ दुसरी रोज तीन पंचवीसला यायची आणि बसल्या बसल्या विचारायची, ‘‘काय काय झालं?’’ की बाई पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या आमच्या पुढच्या रांगेतल्या काकू. त्यांनी लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिलेल्या. त्यामुळे बाईंनी काही सांगायच्या आधी काकूच सगळ्यांना दुरुस्त करायच्या. त्यांना पट्टीही हवी काळी पाच. आता बायका साधारण काळी चार, काळी पाचमध्ये गातात हे खरं, पण प्रत्येकीचा गळा वेगळा. माझा आवाज जरा खालचा. काकूंच्या पट्टीत वरचा ‘सा’ गाठताना माझ्या मानेच्या शिरा ताणायच्या आणि घरी आल्यावर घसा धरायचा.

रोज रात्री जेवताना माझं हेच पुराण. एक दिवस हे वैतागून म्हणाले, ‘‘एवढा त्रास होतो तर सोडून दे ना क्लास.’’ आणि मला लागलं ते! मैत्रिणींनो, आपल्या बाबतीत हे किती सहज होतं बघा. घरात काही अडलं, पैसे कमी पडले, पाहुणे आले, की आधी काय सुटतं, तर आपला क्लास. बाकी कुणाचं काही सुटत नाही. मी ठरवलं, सोडायचं नाही. बोलायचं.

पूर्वी गाणं शिकायचं म्हणजे गुरूंच्या घरी राहायचं, सेवा करायची आणि ते देतील तेव्हा विद्या घ्यायची. सर्वसामान्य घरातल्या माणसाला ते कुठून जमणार? पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा शाळेसारखे वर्ग आणि ठरलेला अभ्यासक्रम घेऊन गाणं चारचौघांपर्यंत आलं. पुढे 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज ‘प्रारंभिक’पासून ‘विशारद’पर्यंतच्या परीक्षा आपल्यासारख्या गृहिणीही देतात, त्या याच मंडळाच्या. वर्ग आला म्हणून तर आपल्याला गाणं मिळालं. आणि वर्ग आला म्हणजे वर्गमैत्रिणी आल्याच!

तर मी बोलले. पण सगळ्यांसमोर नाही. उशिरा येणारीला क्लास सुटल्यावर रस्त्यात गाठलं. भांडायच्याच तयारीत होते खरं तर. ती म्हणाली, ‘‘ताई, सासूबाई अंथरुणावर आहेत. जाऊबाई शाळेतून तीन वाजता येतात. त्यांच्या हातात द्यायचं आणि मग पळायचं.’’ माझा रागच उतरला. आम्ही ठरवलं, तिने गुपचूप मागे येऊन बसायचं, कुणाला काही विचारायचं नाही. झालेलं सगळं माझ्या वहीतून उतरवून घ्यायचं. झालं, प्रश्न मिटला!

मोबाइलचं बाईंनीच सोडवलं. दाराशी एक वेताची टोपली ठेवली. आत शिरताना आवाज बंद करून फोन टोपलीत. ज्यांच्या घरी आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे, त्यांनी तेवढा दाराजवळ बसून जवळ ठेवायचा आणि बोलायचं ते अंगणात. वहिनी दोन दिवस फुरंगटल्या, मग वांगी आपोआप सापडायला लागली घरच्यांना!

काकूंचं अवघड होतं. त्या वयाने मोठ्या. पण बाई हुशार. त्यांना म्हणाल्या, ‘‘काकू, नवीन येणाऱ्यांचे अलंकार तुम्ही पावणेतीनला येऊन करून घ्याल का?’’ शिकवायला मिळालं तशा काकू क्लासमध्ये गप्प बसू लागल्या. पट्टीचं मात्र मला तोंड उघडूनच सांगावं लागलं, ‘‘बाई, माझा घसा दुखतो.’’ मग आमच्या चौघींचा रियाज काळी तीनमध्ये वेगळा होऊ लागला. सहा महिने मी मनातल्या मनात कुढत होते आणि सांगायला लागलं एक वाक्य.

इथं लेख संपला असता तर मी फार शहाणी ठरले असते. पण सांगायचं आहे ते पुढेच आहे.

24 ऑगस्टला बहिणाबाई चौधरींची जयंती असते. गावातल्या कार्यक्रमात आमच्या क्लासने त्यांची दोन गाणी म्हणायची ठरली. तालमी सुरू झाल्या. अडावदची ती बाई गायला उठली. आवाज असा मोकळा की बाईही थांबून ऐकत होत्या. पण आपल्या खानदेशी बोलींत ‘ळ’चा ‘य’ होतो ना, तसं दुसऱ्या एका भावगीतात तिनं ‘डोळे’चं ‘डोये’ म्हटलं. काकूंनी तिला तीन वेळा तो शब्द म्हणायला लावला. तिन्ही वेळा ‘डोये’च आलं. सगळ्या हसल्या. मीसुद्धा. मी तर तिच्या शेजारीच बसले होते, म्हणजे तिला सगळ्यात जवळून ऐकू आलं ते माझंच हसणं. तीही हसली, पदराने तोंड पुसलं आणि खाली बसली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. ‘शेतात निंदणी असेल’ म्हणून आम्ही विषय सोडला.

मग कार्यक्रम झाला. आम्ही नऊवारी नेसून, नथी घालून स्टेजवर उभ्या. निवेदिका सांगत होती, की आसोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेली त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी जपली. त्या 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. आता तर 2018 पासून जळगावच्या विद्यापीठालाच त्यांचं नाव आहे. मग आम्ही गायलो. बोलीतले शब्द अगदी तसेच्या तसे यावेत म्हणून आठ दिवस घोटले होते. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडत असतानाच माझ्या मनात आलं, हे शब्द जिच्या तोंडी जन्मापासून आहेत, तिला तर आपण हसून घरी बसवलं!

दोन दिवसांनी यावलकडे जाणारी एसटी पकडून मी अडावदला गेले. रस्त्याच्या दुतर्फा केळीच्या बागा, पलीकडे पावसाने हिरवागार झालेला सातपुडा. माझं लक्ष कशातच नव्हतं. ती नुकतीच शेतातून आली होती. ‘‘या ताई, बसा’’ म्हणून आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला. मी म्हटलं, ‘‘त्या दिवशी मी हसले. चुकलं माझं.’’

ती थोडा वेळ चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘हसल्याचं काही नही ताई. मी रोज घरी भांडून येत होते. एसटीचं भाडं मोजून घेत होते. तिथंबी हसंच होणार असंल, तर मी भांडू कशासाठी?’’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. ‘तू ये’ एवढंच म्हणून मी निघाले.

ती लगेच आली नाही. दिवाळीनंतर एका शुक्रवारी आली. मी काही बोलले नाही, फक्त सरकून जागा दिली. ती मात्र दाराजवळच बसली. आताही तिथंच बसते. पूर्वीसारखी उठून एकटी गात नाही, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळते. त्याला अजून वेळ लागेल. काकूंनी मात्र परवा तिला स्वतःहून विचारलं, जात्यावरच्या ओव्या तुमच्याकडे कशा म्हणतात म्हणून. तिनं दोन म्हणून दाखवल्या. कुणीही हसलं नाही.

येत्या एप्रिल-मेच्या सत्रात आम्ही पाचजणी ‘प्रारंभिक’ला बसणार आहोत. नेमका पापड-कुरडयांचा हंगाम! पण यंदा आधी परीक्षा, मग कुरडया, असं घरी सांगून ठेवलंय.

तुम्ही शिवण शिकत असाल, योगाला जात असाल, भजनी मंडळात असाल, तर शेजारणीच्या वागण्याने वैतागून क्लास सोडू नका. ज्या गोष्टीचा त्रास होतो, ती तिला एकटीला गाठून सरळ सांगा. तिची अडचणही विचारा, बहुतेक वेळा काही ना काही असतेच. आणि वर्गातली एखादी न सांगता यायची बंद झाली, तर ‘घरात काम असेल’ असं म्हणून गप्प बसू नका. आपण काय केलं, हे एकदा आठवून बघा.