संच नवा, चित्र मात्र जुनंच!

भगिनींनो, हौसेनं हाय डेफिनिशन टी.व्ही. आणावा आणि आवडता कार्यक्रम पुसटच दिसावा, म्हणजे काय म्हणावं? अमेरिकेत असं होई, आणि दोष बिचाऱ्या संचाचा नसे.

तिकडे गावोगावची स्थानिक केंद्रं गप्पांचे, खेळांचे कार्यक्रम निर्मात्यांकडून विकत घेतात. 'व्हील ऑफ फॉर्च्युन' आणि 'जेपर्डी' हे त्यांतले नावाजलेले. सप्टेंबर २००६ पासून ते हाय डेफिनिशनमध्ये येऊ लागले. मोठ्या टी.व्ही. कंपनीचा रात्रीचा कार्यक्रम केंद्राला आला तसा पुढे सोडता येई. विकतचा कार्यक्रम मात्र उपग्रहावरून आधीच येई. तो नोंदवून ठेवायचा, त्यात स्थानिक जाहिराती घालायच्या आणि ठरल्या वेळी लावायचा. ही यंत्रं जुनी असली, की १०८० ओळींचं चित्र ४८० ओळींवर उतरे. पुढे ते कितीही ताणलं, तरी गेलेला बारकावा थोडाच परत येणार? पाणी घातलेलं ताक पुन्हा दाट होतं का हो?

केंद्रांनी हळूहळू नवी यंत्रं घेतली. तरी एकाच वाहिनीच्या जागेत अनेक उपवाहिन्या कोंबल्या, तर चित्र बिघडू शकतं, बरं का!

आपल्याकडेही साखळीतली एक कडी कच्ची असली, की तेच होतं. म्हणून नव्या संचासाठी पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: घेतलेली वाहिनी एचडी आहे ना? आणि सेट-टॉप बॉक्स? मगच दुकानाची पायरी चढा.