औषधाचा माग काढणारा प्रकाश

गोळी रुग्णाच्या पोटात गेली की औषधाचा प्रवास संपला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाचा जवळजवळ निम्मा अंश मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि सांडपाण्यातून नदीची वाट धरतो. गिरणा काय, पांझरा काय, अखेर तापीलाच मिळतात. पाण्यात असा अंश सतत राहिला, तर त्याला न जुमानणारे जंतू टिकून वाढतात. मग वॉर्डातील रुग्णाला तेच औषध लागू पडेनासे होते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करूनही त्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन उरल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती सांडपाणी मिसळणाऱ्या नद्यांत हे प्रमाण सहसा त्याच्या हजारो पटींनी कमी असते, आणि म्हणूनच ते मोजणे कठीण.

यासाठी जगभर प्रकाशचलित विद्युत-रासायनिक संवेदकांवर संशोधन चालू आहे. मधुमेही रुग्णांच्या घरचा ग्लुकोमीटर याच कुळातला. त्याच्या पट्टीवर रक्तातील साखरेच्या रासायनिक क्रियेतून विद्युत्प्रवाह मिळतो व त्यावरून आकडा कळतो. नव्या संवेदकात या क्रियेला चालना देतो तो प्रकाश. इलेक्ट्रोडवर टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकाचा पातळ थर असतो. त्यावर प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि मागे रिक्त स्थाने उरतात. औषधाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन देऊन ते स्थान भरतो, तर मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तारेतून वाहू लागतात. औषध अधिक, तर प्रवाह अधिक. चालना प्रकाशाची व मोजणी विजेची असल्याने अत्यल्प अंशही ओळखता येतो.

गोळीची परीक्षा त्यामानाने सोपी. ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉल गोळीत भारतीय फार्माकोपियानुसार ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम औषध असावे लागते. द्रावणात काय शोधायचे, हे आधीच ठाऊक असते. नदीच्या पाण्यात मात्र गाळ, साबण, कीटकनाशके, शिवाय इतर औषधे! तीही इलेक्ट्रॉन देऊन आकडा फसवतात. त्यावर उपाय म्हणून हव्या त्या रेणूच्या आकाराचे सूक्ष्म साचे असलेला थर इलेक्ट्रोडवर चढवतात. प्रयोगशाळेत ही युक्ती साधते. नदीकाठी ती टिकेलच, अशी खात्री आम्हांला वाटत नाही. औषधांच्या अधिकृत तपासणीसाठी आजही एचपीएलसी यंत्रासारख्या प्रस्थापित पद्धतींवरच भिस्त आहे.

या संवेदकासाठी आम्ही देणगीदारांकडे निधी मागत नाही. मुदतबाह्य औषधे मोरीत ओतली जाऊ नयेत, ती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतूनच जाळण्यासाठी जावीत किंवा उत्पादकाकडे परत जावीत, एवढे मात्र आजच करता येते.