मुनिमाचे माप : डिस्क आणि तिचे ठोकळे

संगणकावर एखादी फाइल उघडली की डिस्कवरून एकेक अक्षर उचलून आणले जात असावे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. वखारीतला हमाल पोते उचलतो, मूठभर दाणे उचलीत नाही. डिस्कचेही तसेच आहे. ती ठरावीक मापाचा ठोकळाच देते आणि ठरावीक मापाचा ठोकळाच घेते. हे माप मागणाऱ्याला कोणी सांगावयाचे आणि ते चुकले तर काय होते, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

येथे तीन मापे वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले डिस्कचे स्वतःचे. त्याला सेक्टर म्हणतात. दुसरे फाइल-व्यवस्थेचे, डिस्क फॉर्मॅट करताना ते ठरते आणि त्याला ब्लॉक म्हणतात. तिसरे केवळ सल्ल्याचे. युनिक्स घराण्यातील प्रणालींत एखाद्या प्रोग्रॅमने ‘स्टॅट’ ही विनंती केली, की फाइल-व्यवस्थेचा ड्रायव्हर त्याला फाइलच्या लांबीबरोबर एक आकडा कळवितो : ‘एवढ्या मापाने मागाल तर सोयीचे पडेल.’ ड्रायव्हर हा वखारीतला मुनीम समजा. पोत्याचे माप त्यालाच ठाऊक असते.

या आकड्याचे महत्त्व साध्या हिशेबाने पटेल. १०,४८,५७६ बाइटांची, म्हणजे एक मेगाबाइटची फाइल ५१२ बाइटांच्या मापाने वाचली तर २,०४८ खेपा होतात. ४,०९६ च्या मापाने २५६. आणि ६५,५३६ च्या मापाने अवघ्या १६. दर खेपेला डिस्कपर्यंत जावेच लागते असे नाही, कारण वाटेत स्मृतीत साठा केलेला असतो. परंतु खेपेचा खर्च चुकत नाही. मग माप वाटेल तेवढे मोठे का करू नये? कारण फाइल-व्यवस्थेचा ब्लॉक मोठा केला, तर शंभर बाइटांच्या चिठ्ठीलाही सबंध ४,०९६ बाइटांची जागा द्यावी लागते.

हा पेच कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मॅक्‌क्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी सोडविला. त्यांचा निबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. जुन्या व्यवस्थेत लहान ठोकळ्यांमुळे डिस्कच्या वेगापैकी दोन ते चार टक्केच पदरात पडत होते. ठोकळा ४,०९६ चा केल्यास त्यांच्या मोजणीप्रमाणे ४५.६ टक्के जागा वाया जात होती. म्हणून त्यांनी ठोकळा मोठा ठेवला, पण फाइलच्या शेपटासाठी त्याचे तुकडे करण्याची सोय केली. वेग ४७ टक्क्यांपर्यंत चढला. त्याच वेळी त्यांनी सोयीचे माप विचारण्याची मुभा प्रोग्रॅमांना दिली. आपण पाहिलेला सल्ल्याचा आकडा तेथून आला.

आता मापच खोटे सांगितले गेले तर? २०१० च्या सुमारास ४,०९६ बाइटांच्या सेक्टरच्या डिस्क बाजारात आल्या. परंतु जुन्या प्रणालींशी जुळावे म्हणून त्यांतील अनेक आपले माप ५१२ च सांगत. जुन्या प्रणाली डिस्कचा विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करीत, आणि ६३ ला आठाने भाग जात नाही. त्यामुळे फाइल-व्यवस्थेचा प्रत्येक ब्लॉक दोन खऱ्या सेक्टरांवर अर्धवट पसरे. असा ब्लॉक लिहावयाचा तर डिस्कने आधी जुना मजकूर वाचावा, त्यात बदल करावा आणि तबकडी पुन्हा फिरून जाग्यावर आली की लिहावा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. आमच्या ओळखीच्या एका कचेरीत नवी डिस्क जुनीपेक्षा मंद चालू लागली, तेव्हा सारा दोष डिस्कवर आला. विभाग २,०४८ व्या सेक्टरपासून नव्याने सुरू करताच तीच डिस्क सुरळीत चालू लागली. २,०४८ ला आठाने पुरा भाग जातो, एवढेच त्यातले रहस्य.

आणखी एक सावधगिरी सांगून थांबतो. ‘स्टॅट’च्या उत्तरात फाइलने व्यापलेल्या ठोकळ्यांची संख्याही येते, पण लिनक्समध्ये ती ५१२ बाइटांच्या हिशेबाने असते, सोयीच्या मापाच्या हिशेबाने नव्हे. शंभर बाइटांच्या त्याच चिठ्ठीबद्दल उत्तरात सोयीचे माप ४,०९६ आणि ठोकळे ८ असे येईल. या दोहोंचा गुणाकार करणारा ३२,७६८ बाइट मोजील. खरी जागा ४,०९६ च. हिशेब आठपट चुकला, आणि मुनिमाने तर दोन्ही आकडे खरेच सांगितले होते! सांगणाऱ्याने माप खरे सांगावे, हे जितके आवश्यक, तितकेच ऐकणाऱ्याने ते कशाचे माप आहे हे विचारून घेणेही आवश्यक आहे.