शब्द सापडला की दुखणे सापडते

साताऱ्या-सांगलीकडची एखादी बाई दवाखान्यात येते. शेजारी सासू बसलेली. बाई म्हणते, "कंबर लई दुखतीया." डॉक्टर गोळ्या देतात, ती घरी जाते. अंगावरून पांढरे जाणे, संबंधाच्या वेळचा त्रास, हे तिच्या ओठांवर येतच नाही.

असे किती जणींचे होत असेल? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग आढळले. त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८!

मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कराडला, साताऱ्यालाही डॉक्टर घडतात. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणे हा शिकवण्याचाच भाग झाला आहे. त्यात हा नाजूक विषय यायलाच हवा.

शिकवायचे काय? सोबतच्या माणसाला नम्रपणे बाहेर बसवावे. "थोडं खाजगी विचारू का?" म्हणून संमती घ्यावी. मग बाईचाच शब्द उचलावा. 'अंग बाहेर येतं' म्हणजे गर्भाशय खाली सरकते, हे इंग्रजी पुस्तक पाठ करणाऱ्याला कोण सांगणार? विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रुग्ण होऊन पाहावे. जीभ कुठे अडते ते तेव्हाच कळते.

मी भाषेचा मास्तर. एवढेच म्हणेन, की डॉक्टरच लाजला, तर बाईने बोलावे कुणाशी?