भाड्याच्या जहाजाचा हिशेब

जळगाव-धुळ्याकडील माणसाला समुद्र पाहावयाचा तर रात्रभराचा प्रवास करावा लागतो. जिरायती कापसाला हमखास पाणी नसताना सरकारने दक्षिण ध्रुवाच्या बर्फावर पैसा का खर्चावा, असे वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले. त्याचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून 'पोलर सर्कल' हे जहाज फारसा गाजावाजा न करता निघाले. पथकात एकवीस जण होते आणि नेते होते डॉ. सय्यद झहूर कासिम. चाळीस अंश दक्षिण अक्षांशापलीकडे वाऱ्याला अडविणारी जमीन जवळजवळ नाहीच. समुद्र सदैव खवळलेला. त्याच्याही पुढे हिमनग आणि तरंगत्या बर्फाचे थर. तेथे साध्या जहाजाचा पत्रा टिकत नाही, बर्फाचा दाब सोसणारा सांगाडा लागतो. तसे जहाज आपल्यापाशी नव्हते, म्हणून नॉर्वेचे भाड्याने घेतले. ९ जानेवारी १९८२ रोजी पथक अंटार्क्टिकावर उतरले व २१ फेब्रुवारीस गोव्यास परतले.

यातून मिळाले काय? १९५९ च्या अंटार्क्टिक करारान्वये निर्णयात मत देण्याचा हक्क नुसत्या स्वाक्षरीने मिळत नाही. तेथे भरीव संशोधन करून दाखवावे लागते. भारत ऑगस्ट १९८३ मध्ये करारात सामील झाला आणि सप्टेंबरमध्येच त्याला तो हक्क मिळाला. खनिजांच्या आशेवर या खर्चाचे समर्थन करणाऱ्यांचा अंदाज मात्र चुकला, कारण १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तेथील खाणकामास बंदी घातली.

राहिला आमचा कापूस. नैऋत्य मोसमी वाऱ्यांना जोर देणारा एक उच्च दाबाचा प्रदेश दक्षिण हिंदी महासागरात, मस्करीन बेटांनजीक असतो. त्याहून दक्षिणेकडील बर्फाचा त्याच्याशी असलेला संबंध हा अभ्यासाचा विषय आहे. त्यातून उद्या पेरणीची तारीख कळेल, असे मी विद्यार्थ्याला सांगितले नाही. ते अप्रामाणिकपणाचे झाले असते.

माझा आक्षेप निराळाच आहे. 'दक्षिण गंगोत्री' बर्फात गाडले गेले, १९८९ मध्ये 'मैत्री' व २०१२ मध्ये 'भारती' ही केंद्रे उभी राहिली, चाळीसांहून अधिक मोहिमा झाल्या. तरी बर्फ फोडीत किनाऱ्यापर्यंत जाणारे जहाज भाड्याचेच राहिले. एका फेरीपुरते भाडे स्वस्त, हे पहिल्या वर्षी खरे होते. परंतु दरवर्षी जावयाचे असेल तर हिशेब बदलतो. वीस वर्षे भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केलेल्या कारकुनाला हे अर्थशास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय अभ्यासासाठी जहाज चार दिवस अधिक थांबवावे, तर त्या चार दिवसांचेही भाडे चढते.

२०२५ साली कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने ध्रुवीय संशोधन जहाजासाठी नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी समझोता केला. संकल्पनेस मदत पुन्हा नॉर्वेचीच. सांगाडा मात्र या वेळी हुगळीच्या काठी घडावयाचा आहे.