एक तेल, तीन वाटा

फुले, पाने, खोड, मुळे किंवा फळांची साल यांत वनस्पती जी हवेत सहज उडून जाणारी सुगंधी द्रव्ये साठवते, त्यांचा अर्क म्हणजे बाष्पनशील तेल, आणि त्यालाच बाजारात ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात. अशा तेलांचा वास घेऊन किंवा ती अंगाला चोळून मनाचा ताण हलका करण्याच्या पद्धतीला अरोमाथेरपी, म्हणजेच गंधोपचार, असे नाव आहे. खोबरेल किंवा तिळाचे तेल स्निग्ध असते आणि त्याचा कागदावर पडलेला डाग टिकतो. बाष्पनशील तेल मात्र बहुधा उडून जाते, कारण त्याचे रेणू लहान आणि हलके असतात. लिंबू-संत्र्याच्या सालींतून ते दाबून काढतात, तर इतर बहुतेक वनस्पतींतून ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वनस्पतीतून वाफ सोडून, ती थंड करून, पाण्यापासून वेगळे झालेले तेल गोळा करून मिळवतात. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून असे तेल किती संहत असते याची कल्पना येते.

‘अरोमाथेरपी’ हे नाव रूढ झाले ते फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गातफोसे यांनी १९३७ मध्ये याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केल्यावर. पुढे फ्रान्समध्येच डॉ. झां वाल्ने यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात या तेलांचा औषध म्हणून विचार केला, तर मार्गरीट मोरी यांनी ती मालिशीच्या तेलात मिसळून सौंदर्योपचाराशी जोडली. गंधाचा शास्त्रशुद्ध विचार भारतात मात्र कितीतरी आधी झालेला होता. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त गंधयुक्ती, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची विद्या, या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी मराठी टीका असलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वेखंडाची धुरी देण्याची रीत मराठी घरांत आजही अनोळखी नाही. परंपरा जुनी असल्याने उपचाराविषयी आदर वाटणे स्वाभाविक असले, तरी तो कशावर, किती आणि कोणत्या मार्गाने गुणकारी ठरतो, हे केवळ परंपरेवरून ठरत नाही.

मार्गाचा हा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण एकाच कुपीतील तेल शरीरात तीन वाटांनी पोहोचू शकते: नाकाने, त्वचेतून आणि पोटातून. प्रत्येक वाटेचा परिणाम वेगळा, पुरावा वेगळा आणि धोकाही वेगळा असतो. जाहिरातींत मात्र एका वाटेवर मिळालेला पुरावा दुसऱ्या वाटेच्या उत्पादनासाठी सर्रास वापरला जातो.

पहिली वाट गंधाची. नाकपुडीच्या वरच्या भागात गंधपेशींवर ग्राहके, म्हणजे ठरावीक रेणूंना प्रतिसाद देणारी प्रथिने, असतात. त्यांची जनुके शोधून काढल्याबद्दल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इतर संवेदना मेंदूच्या बाह्यकापर्यंत जाताना थॅलॅमस या मधल्या केंद्रातून जातात. गंधाचे संकेत मात्र त्या केंद्रात न थांबता भय आणि भावना हाताळणाऱ्या अमिग्डालापर्यंत लवकर पोहोचतात, आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसशीही त्यांचा निकटचा संबंध असतो. त्यामुळे एखाद्या वासासरशी मन शांत होणे किंवा जुनी आठवण जागी होणे यात गूढ काही नाही. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल हे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते, आणि जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की त्याच्या वाफेने उंदरांची भीती कमी होते. ज्या उंदरांची गंधक्षमता नष्ट केली होती, त्यांच्यावर मात्र हा परिणाम झाला नाही. म्हणजे तिथे काम केले ते वासाने, रक्तात शोषल्या गेलेल्या द्रव्याने नव्हे.

माणसांच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी ५६ निरोगी व्यक्तींना लिंबाचे तेल, लॅव्हेंडर आणि साधे पाणी यांचा वास दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लिंबाच्या वासाने मनःस्थिती सुधारली, पण ताणाशी संबंधित संप्रेरके, वेदना किंवा जखम भरण्याचा वेग यांवर कोणत्याही तेलाचा हितकारक परिणाम दिसला नाही. अशा प्रयोगांत एक मूलभूत अडचणही असते: गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येते, वास लपवता येत नाही, म्हणून तेलाचा परिणाम आणि अपेक्षेचा परिणाम वेगळे करणे कठीण जाते. तरीही बरे वाटणे हा अनुभव खोटा ठरत नाही. शांत जागी बसून, डोळे मिटून, आवडता वास संथ श्वासाने घेतल्यास जो आराम मिळतो, त्यात वास, श्वास आणि विश्रांती या तिघांचाही वाटा असतो.

दुसरी वाट त्वचेची. मालिशीने स्नायू सैलावतात आणि मन निवते. त्यात गंधतेलाची भर किती, हे अजून नीटसे सिद्ध झालेले नाही. तिसरी वाट पोटाची, आणि सर्वांत भक्कम पुरावा याच वाटेवर आहे. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची प्रमाणित ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंताविकारासाठी तपासली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या एका चाचणीत तिची तुलना लोराझेपाम या औषधाच्या अल्प मात्रेशी झाली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३९ रुग्णांच्या चाचणीत पॅरॉक्सेटिन या औषधाशी आणि औषधहीन कॅप्सूलशी. निष्कर्ष कॅप्सूलच्या बाजूचे होते. मात्र या संशोधनाला उत्पादक कंपनीचे पाठबळ होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय ती कॅप्सूल औषध म्हणून प्रमाणित केलेली असते, म्हणून हा पुरावा दुकानातील कुपीतले तेल पिण्याचा परवाना ठरत नाही. ते पिऊ नयेच.

धोक्यांकडे दुर्लक्ष होते ते ‘नैसर्गिक’ या विशेषणामुळे. कापूर आणि निलगिरीचे तेल पोटात गेल्यास मुलांना फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, म्हणून या कुप्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. अपस्मार किंवा दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याविना ही तेले वापरू नयेत. दाबून काढलेले बर्गमॉट तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. हवेशी संयोग होऊन जुने झालेले लॅव्हेंडर तेल ॲलर्जी निर्माण करते, तर मांजरांचे यकृत यांतील अनेक द्रव्यांचा निचरा करू शकत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत भारतात बनलेल्या एका सुगंधी फवाऱ्यात मेलिऑइडोसिस या गंभीर रोगाचे जीवाणू आढळले. त्याच्याशी जोडल्या गेलेल्या चार रुग्णांपैकी दोघे दगावले.

त्वचेवर लावायचे तेल नेहमी वाहक तेलात, म्हणजे खोबरेल, तीळ किंवा बदामाच्या तेलात, मिसळूनच लावावे: ३० मिलिलिटर वाहक तेलात साधारण १२ थेंब घातले की सुमारे दोन टक्के प्रमाण होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. खोलीत सुगंध पसरवताना खिडकी उघडी असावी आणि फवारणी अर्ध्या तासापुरती असावी. कुपीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि उत्पादनाची तारीख असली पाहिजे, कारण भेसळ या व्यवसायात नवी नाही: खानदेश आणि आसपासच्या डोंगराळ भागातील रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाऊन महागड्या गुलाबतेलात मिसळले जात असे.

सुगंध मनाला आधार देतो, पण निदान करत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवे, आणि चालू असलेले औषध तेलाच्या भरवशावर कधीही बंद करू नये. या मर्यादेत राहून वापरल्यास स्वस्त, सुखद आणि कोणावर अवलंबून न ठेवणारा एक उपाय हाती येतो. मर्यादा ओलांडली, की तोच उपाय योग्य उपचारापर्यंत पोहोचायला उशीर करतो.